कधीं चालते, कधीं चालत नाहीं

जो दोष नित्य असतो तो शोधण्यास फारसे कष्ट पडत नाहींत. जो मनास वाटेल तेव्हां प्रकट होतो आणि मेकॅनिक समोर उभा राहतांच अंतर्धान पावतो, तो मात्र घरांतील माणसांच्या स्वभावाचीहि परीक्षा पाहतो. आमच्या मोटारीस गेल्या पावसाळ्यांत असाच दोष जडला. किल्ली फिरवावी तों सेल्फचा 'टक्' असा आवाज व्हावा आणि इंजिन स्वस्थ. पांच मिनिटांनीं फिरवावी तर जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत तें सुरू व्हावें.

हा प्रकार बहुधा सूनबाईच्या हातीं घडे. ती किल्ली धसमुसळेपणानें फिरविते, असा निवाडा आम्हीं दिला व घरांत तो मान्यहि झाला. नवी बॅटरी घेतली, तरी फरक नाहीं. एका सायंकाळीं नातवास ताप भरला असतां सूनबाई त्याच्यासह दवाखान्याबाहेर भर पावसांत अर्धा तास अडकून पडली. ती घरीं आल्यावर आमच्या तोंडून जे शब्द गेले ते येथें लिहिण्याजोगे नाहींत. तिनें उत्तर केलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून ती रिक्षानें जाऊं लागली.

तिच्या फेऱ्या आमच्याकडे आल्या. शाळा, मंडई, बँक. चौथ्या दिवशीं, दिवेलागणीच्या सुमारास, मंडईबाहेर आमच्याच हातीं 'टक्' झालें! तेव्हां ध्यानांत आलें कीं ती दिवसांतून पांच वेळां गाडी सुरू करी, आम्ही आठवड्यांतून दोनदां. आयुष्यभर मुलांस अन्वय-व्यतिरेक शिकविणाऱ्यास एवढा साधा हिशेब सुचूं नये!

त्या रात्रीं वही केली: वेळ, पाऊस, इंजिन थंड कीं तापलेलें, दिवे कसे, किल्ली कोणाच्या हातीं. दिव्यांच्या रकान्यानेंच वाट दाखविली. बॅटरी थकली असेल तर किल्ली फिरवितांच दिवे मंदावतात. आमचे लख्ख राहत.

इंजिन रबराच्या बैठकींवर असतें, म्हणून त्यास सांगाड्याशीं जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. गॅरेजांत तिला 'अर्थची पट्टी' म्हणतात. संस्कृताच्या मास्तरास तो शब्द ऐकून क्षणभर भलताच भास झाला. दिव्यांचा प्रवाह या वाटेनें जात नाहीं, सेल्फचा जातो, आणि तो शंभर-दोनशें अँपिअरचा. पट्टीच्या बोल्टाखालीं गंजामुळें ०.०२ ओहमचा अडथळा झाला तरी १५० अँपिअरच्या हिशेबानें १२ पैकीं ३ व्होल्ट वाटेंतच जातात. अडथळा आणखी वाढला कीं उरतो तो 'टक्'. हादऱ्यानें बोल्ट किंचित् हलला तर वाट पुन्हां मोकळी. म्हणून हा लहरीपणा.

पुढच्या खेपेस मेकॅनिकानें जंपर केबलीचें एक टोंक बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरें इंजिनाच्या उघड्या धातूस लावलें. (गाडी न्यूट्रलमध्यें, हातब्रेक ओढलेला, केबल पंख्यापासून दूर.) इंजिन तत्काळ सुरू! बंद करून केबल काढली, तों 'टक्'. तीनदां हेंच. बोल्ट काढला तर खालीं हिरवट-तांबडी भुकटी. पॉलिशपेपरनें जागा घांसून तो आवळला. नंतर सेल्फ फिरत असतां इंजिन आणि ऋण टोंक यांमध्यें मीटर लावून पाहिला. तेथें सुमारें ०.२ व्होल्टहून अधिक दिसूं नये, आणि तसें दिसलें नाहीं.

वही सूनबाईपुढें ठेवली. तिनें ती शेवटपर्यंत वाचली, मग 'किल्ली कोणाच्या हातीं' या रकान्यावर बोट ठेवून विचारलें, "हा आतां ठेवायचा का, मामंजी?"

आम्हीं तो खोडला.