ताऱ्यांच्या वयाचा दाखला

ताऱ्याला जन्मपत्रिका नसते. मग कृत्तिका सुमारे साडेबारा कोटी वर्षांच्या, हे शास्त्रज्ञांना कळले कसे? एकटादुकटा तारा असता तर कठीणच होते. पण कृत्तिका ही एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेली भावंडे. एकाचे वय कळले की साऱ्यांचे कळते.

खूण देतो तो लिथियम हा धातू. सुमारे पंचवीस लाख अंश तापमानाला तो नष्ट होतो. लहान ताऱ्याचा गाभा तेवढा तापायला वेळ लागतो. तारा जितका हलका, तितका उशीर. म्हणून कुठल्या मंद ताऱ्यांपाशी लिथियम शिल्लक दिसू लागतो, ती सीमा सापडली की वय निघते. पूर्वी कृत्तिका सात-आठ कोटी वर्षांच्या मानल्या जात. १९९० च्या दशकात या सीमेने त्यांना बरेच थोरले ठरवले!

आपला सूर्यही अशाच भावंडांत जन्मला असावा. ती केव्हाच पांगली. त्या जन्मकाळाचा माग काढण्याचे काम चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात संदीप सहिजपाल यांनी संगणकाच्या साह्याने केले आहे. आधार मात्र दगडांचा. उल्कापाषाणांतील सर्वांत जुन्या कणांत अॅल्युमिनियम-२६ असल्याच्या खुणा आहेत, आणि हे द्रव्य सुमारे सात लाख वर्षांत निम्मे होते. सहिजपाल, जे. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी १९९८ साली 'नेचर'मध्ये दाखवले, की ते एखाद्या ताऱ्यातूनच आले असावे, तेही सूर्यजन्माच्या थोडेसेच आधी. तो तारा कोणत्या जातीचा, यावर अजून एकमत नाही.