नंबर बदलून टाक ना!

घरातला एकुलता एक 'कॉम्प्युटरवाला' असण्याचे बरेच तोटे असतात. प्रिंटर बिघडण्यापासून लग्नाच्या बायोडेटाचा फॉन्ट निवडण्यापर्यंत सगळे फोन आपल्यालाच येतात. त्यामुळे मामेबहिणीचा फोन आला तेव्हा मी निम्मं लक्ष मॅचकडे ठेवून बोलत होतो. ती तालुक्याच्या गावी वार्ताहर आहे, एका जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवते. नदीतल्या वाळूउपशावर तिची बातमी छापून आली आणि त्याच रात्रीपासून तिला फोन सुरू झाले. दोन वाजता, अडीच वाजता, पावणेतीनला. कधी नुसताच श्वास, कधी घाणेरडं बोलणं, आणि एकदा 'पोरगी कुठल्या शाळेत जाते ते माहितीये आम्हाला'.

मी लगेच एक्स्पर्ट मोडमध्ये. नंबर ब्लॉक कर. अनोळखी कॉल सायलेंटवर टाक. फेसबुकवरचे फोटो काढ, प्रोफाइल लॉक कर. आणि सरळ नंबरच बदलून टाक ना, नवं सिम घ्यायला कितीसा वेळ लागतो?

ती म्हणाली, "दादा, नऊ वर्षं झाली या नंबरला. रेशनवर धान्य मिळालं नाही की बाया याच नंबरवर फोन करतात. तो बदलला की मी गावात परत कुणाची तरी बायको."

मी टीव्ही बंद केला.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की मी दिलेला प्रत्येक सल्ला एकच गोष्ट सांगत होता: तू जरा लहान हो. कमी दिस, कमी बोल, कमी फोन घे. तुमच्याआमच्यासाठी हे सल्ले ठीक आहेत. वार्ताहराला मात्र ते म्हणजे दुकानाचं शटर ओढायला सांगणं आहे. ज्याने रात्री दोनला फोन केला त्यालाही नेमकं तेच हवं होतं. म्हणजे तो आणि मी, दोघेही तिला एकच सल्ला देत होतो! फक्त माझी भाषा सभ्य होती.

हे काही माझ्या बहिणीचंच नाही. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला २००२ मध्ये 'खबर लहरिया' नावाचं बुंदेली वृत्तपत्र सुरू झालं. बातम्या आणणाऱ्या, लिहिणाऱ्या, अंक काढणाऱ्या सगळ्या बायका, त्यातही बहुतेक दलित. काहीजणी तर मोठेपणी लिहायला शिकलेल्या. पंचायतीचा भ्रष्टाचार, आटलेले हातपंप, न नोंदवलेले बलात्काराचे गुन्हे, असल्या बातम्या त्या चालत, सायकलने, मिळेल त्या जीपने जाऊन आणायच्या. २००९ मध्ये युनेस्कोचा साक्षरतेचा पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे कागदावरचा अंक बंद झाला आणि त्या मोबाइलवर व्हिडिओ करू लागल्या. त्यांच्यावरची 'रायटिंग विथ फायर' ही डॉक्युमेंटरी २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. (त्या वेळी या बायकांनी जाहीरपणे सांगितलं की या चित्रपटात आमचं काम अर्धवट आलंय. ऑस्करच्या आधी असं बोलायला जिगर लागते राव.)

पण मला ऑस्करपेक्षा त्यांची २०१५ सालची गोष्ट महत्त्वाची वाटते. एक माणूस वेगवेगळ्या सिमवरून त्यांच्या अनेक वार्ताहरांना कित्येक महिने अश्लील फोन करत होता. तक्रारी केल्या, हालचाल शून्य. शेवटी सप्टेंबरमध्ये त्यांनी हे सगळं स्वतःच लिहून एका वेबसाइटवर छापलं, देशभर बोभाटा झाला, आणि मग थोड्याच दिवसांत तो माणूस सापडलाही. याचा अर्थ शोधणं अवघड नव्हतं. शोधावंसं कुणाला वाटत नव्हतं, एवढंच.

आता जरा आपल्या धंद्याकडे येऊ, कारण इथे आपले हात काही स्वच्छ नाहीत. १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचं ॲप उघड झालं. शंभराहून जास्त मुस्लिम बायकांचे फोटो चोरून 'लिलावाला' ठेवलेले, त्यात बऱ्याच पत्रकार. त्याआधी जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' येऊन गेलं होतं. दोन्ही कुठे होस्ट केली होती? गिटहबवर. तुम्ही-आम्ही रोज सकाळी चहा पीत कोड पुश करतो तिथेच. मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांच्यात इंजिनिअरिंगची विशीतली पोरं होती. बातमी वाचून मला पहिल्यांदा धक्का बसला आणि मग एक नकोसा विचार आला: यांतला एखादा वर्षभराने माझ्यासमोर इंटरव्ह्यूला बसला असता तर मी त्याला डेटा स्ट्रक्चर्स विचारून घेतलाही असता.

आणि जे आपण नीट हेतूने बनवतो तेही असंच. फीचर लिहिताना 'याचा गैरवापर कसा होईल' हा मुद्दा आम्ही शेवटच्या स्प्रिंटला ढकलतो आणि शेवटच्या स्प्रिंटमध्ये तो पुढच्या रिलीजला. तक्रारीचं बटण एकेका पोस्टसाठी असतं. पाचशे जणांनी एका बाईवर एकेक शिवी फेकली तर तिने पाचशे वेळा बटण दाबायचं. युनेस्को आणि आयसीएफजे या संस्थांनी २०२० मध्ये जगभरच्या पत्रकारांची पाहणी केली. त्यात ७३ टक्के स्त्रियांनी कामामुळे ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं. मला त्यातला दुसरा आकडा जास्त टोचला. वीस टक्के जणी म्हणाल्या की प्रत्यक्षात झालेले हल्ले किंवा शिवीगाळही या ऑनलाइन छळाशी जोडलेली होती. म्हणजे 'इंटरनेटवरचं काय मनावर घ्यायचं' हे आपलं लाडकं वाक्य खिशातच ठेवलेलं बरं.

अर्थात 'मग बायकांना असल्या बीटवर पाठवूच नका' म्हणणारेही आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये शक्ती मिलच्या आवारात फोटो काढायला गेलेल्या तरुण पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हाही हा सूर निघाला होता. ती एकटी नव्हती, पुरुष सहकारी बरोबर होता. अपरात्रही नव्हती, संध्याकाळ होती. ठिकाण होतं भर मुंबईतलं महालक्ष्मी. मग पाठवायचं तरी कुठे? रांगोळी स्पर्धेला?

कायदे आहेत की. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये खास कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ मध्ये आला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्यासाठी आधी तुम्ही कुठल्यातरी संस्थेत कायम किंवा कंत्राटी पत्रकार असायला हवं. माझ्या बहिणीकडे नेमणुकीचं पत्रच नाही. ओळखपत्र आहे, तेही लॅमिनेशन तिने स्वखर्चाने केलेलं. ऑफिसातल्या लैंगिक छळाविरुद्ध जो २०१३ चा कायदा आहे (ज्याचं ट्रेनिंग आपण दरवर्षी नेक्स्ट-नेक्स्ट दाबून संपवतो), त्यात लहान आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. बहिणीला विचारलं. ती समिती कुठे बसते हे तालुक्यात कुणालाच सांगता येईना.

पण खरी गोम पैशात आहे, आणि ती मला तिनेच समजावून सांगितली. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारं मानधन म्हणजे पेट्रोलखर्च निघाला तर नशीब. कमाई होते ती जाहिरातींच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती आणायच्या, वाढदिवसाच्या शुभेच्छांचं अर्धं पान आणायचं. आता तालुक्यात अर्ध्या पानाचे पैसे कोण देतो? वाळूवाला, कंत्राटदार, नाहीतर त्यांचे भाऊसाहेब. म्हणजे जो रात्री धमकी देतो, तोच दिवसा पेपरचा मोठा गिऱ्हाईक! अशा वेळी जिल्ह्याच्या ऑफिसने तिच्या पाठीशी उभं राहावं कसं? तिला सांगण्यात आलं, "मॅडम, थोडे दिवस हलक्याफुलक्या बातम्या पाठवा."

यात माझाही वाटा आहे. कित्येक वर्षं मी पेवॉल चुकवणारं एक्स्टेन्शन वापरत होतो आणि वर ते मित्रांना कौतुकाने देत होतो. जिथे वाचक पैसे देत नाही तिथे भाऊसाहेब देतात, एवढं साधं गणित मला इंजिनिअर असून कळलं नव्हतं.

आमच्या क्षेत्रात 'बस फॅक्टर' म्हणून एक गमतीचा शब्द आहे. उद्या किती माणसांना बसने उडवलं तर प्रोजेक्ट बुडेल? उत्तर 'एक' असेल तर मॅनेजर घाबरतो आणि दुसऱ्या कुणाला तरी ते काम शिकवतो. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात शशिकांत वारिशे या पत्रकाराला गाडीने चिरडलं. रिफायनरीसंबंधीची त्यांची बातमी त्याच दिवशी सकाळी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या शब्दाने आता मला हसू येत नाही. पण त्यामागची कल्पना पक्की आहे: बातमी एकाच माणसाकडे असेल तर त्या माणसाला गप्प करण्यात फायदा असतो. २०१७ मध्ये माल्टात डाफ्ने कारुआना गालिझिया हिला बॉम्बने मारल्यावर १८ माध्यमसंस्थांनी मिळून तिच्या अर्धवट राहिलेल्या बातम्या पुढे नेल्या. तिथे हे मेल्यानंतर झालं. आधी करायला काय हरकत आहे?

तर आम्ही जे केलं ते अगदीच किरकोळ. कॉलच्या वेळा, नंबर आणि रेकॉर्डिंग यांची तारीखवार फाइल मी बनवून दिली. ओळखीतल्या एका वकील बाईंनी ती तक्रारीला जोडली आणि पोलीस ठाण्यात शेजारी बसून राहिल्या. रात्रीसाठी तिला वेगळा फोन घेऊन दिला, जुना नंबर रात्री तिचा नवरा उचलतो. आणि मुख्य म्हणजे वाळूची पुढची बातमी तिने एकटीने दिली नाही. तीन वेगवेगळ्या पेपरांच्या वार्ताहरांनी एकाच दिवशी दिली. एरवी हे तिघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत म्हणे. फोन कमी झालेत. थांबलेले नाहीत. पुरवणीची जाहिरात अर्थातच गेली. तिचं कमिशन बुडालं, ते आम्ही चार भावंडांनी वाटून घेतलंय, सहा महिन्यांपुरतं. त्यानंतरचं काय, हे अजून ठरलेलं नाही.

काल तिला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एंगेज. मग मेसेज आला: "टँकर आला नाही म्हणून बायांचे फोन चालू आहेत. रात्री बोलू."