दिव्यांग डब्यातल्या धडधाकट माणसाविषयी

मा. महाव्यवस्थापक,
मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे, मुंबई

संध्याकाळची लोकल. दिव्यांग डब्यात खिडकीशी विशी-बाविशीचा एक मुलगा बसलेला. काठी नाही, कॅलिपर नाही. मागून कुणीतरी खेकसतो, "ए, चांगला धडधाकट दिसतोस, ऊठ!" मुलगा बाहेरच बघत राहतो. मग आवाज चढतो, "बहिरा आहेस का?" डबा हसतो. मुलगा खरोखरच बहिरा असतो. खांदा हिसडला गेल्यावर तो वळतो, खिशातलं दिव्यांगत्वाचं कार्ड काढू लागतो. तोवर समोरच्याने मोबाइलवर चित्रण सुरूही केलेलं असतं.

खेकसणाऱ्याला झोडपणं सोपं आहे. पण बहुतेक वेळा तो स्वतःच कुबडी सावरत उभा असतो. त्याच्या हक्काच्या जागेवर घुसखोर बसतात हे काही खोटं नाही. तुमचं सुरक्षा दल त्यांना पकडतं, दंडही होतो, पण मोहीम असेल तेव्हा. एरवी पहारा प्रवाशांच्याच गळ्यात, आणि प्रवाशाने तपासायचं कशाने? नजरेने.

त्या नजरेला तुम्ही एकच चित्र शिकवलं आहे: डब्यावर रंगवलेली व्हीलचेअर. आता फलाट आणि डबा यांमधली फट, उंचीतला फरक आणि जेमतेम थांबणारी गाडी बघता, व्हीलचेअरवरच्या माणसाने तिथे एकट्याने चढून दाखवावंच. म्हणजे चित्रातला माणूस फलाटावर राहतो आणि आत आलेला चित्रासारखा दिसत नाही म्हणून बोलणी खातो.

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. या २१मध्ये थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, मानसिक आजार हेही आहेत. यांतलं बरंचसं अंगावर दिसतच नाही. हिमोफिलियाच्या रुग्णाला गर्दीत साधा धक्का बसला तरी गुडघ्याच्या सांध्यात आतल्या आत रक्त साचू शकतं. त्याला उभं करणं म्हणजे काय, हे उठवणाऱ्याला कुठून कळणार? कर्करुग्ण आणि गरोदर बायकांनाही तुम्ही या डब्यात मुभा दिली आहे. तिसऱ्या महिन्यातल्या बाईने ती कशी सिद्ध करायची? पोट दाखवून?

दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर २०१६च्याच कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. कुणाला तुरुंगात धाडा असं माझं म्हणणं नाही. कुबडीवाल्याला तर नाहीच.

डबा कुठे थांबणार हे अंध प्रवाशांना कळावं म्हणून तुम्ही फलाटावर टीकटीक वाजणारी यंत्रं बसवलीत. त्याच आस्थेने दोन कामं करा. डब्याच्या आत, दारापाशी, मराठी-हिंदीत ठळक लिहा की इथे कोणकोण बसू शकतं, आजारांच्या नावांसकट. आणि गर्दीच्या वेळी या डब्यात तिकीट तपासनीस रोज येऊ द्या. कार्ड त्याने मागावं, त्यानेच बघावं, हळू आवाजात. घुसखोर सापडला तर खुशाल पुढच्या स्टेशनवर उतरवा. बाकीच्यांना तोंड उघडायची गरज पडणार नाही.

कळावे,
या डब्यातली एक प्रवासी