दोष गुणसूत्राचा, आईचा नव्हे



गेल्या अंकातील जन्मजात व्यंगांविषयीच्या पत्रात 'गरोदरपणी पथ्य न पाळल्याचे हे फळ' असे विधान आहे. नवजात शिशू कक्षात तीस वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर ते मुकाट्याने वाचवेना.

एका रात्री कक्षात मांजर शिरले असे वाटून मी खिडक्या तपासल्या. आवाज पाळण्यातून येत होता. दोन दिवसांचे बाळ. डोके लहान, अंग ढिले. रक्त तपासणीला गेले आणि अहवाल आला : पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गायब. फ्रेंच डॉक्टर जेरोम लेज्यून यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेला हा 'क्री द्यू शा', म्हणजे मांजरासारख्या रडण्याचा विकार. स्वरयंत्राच्या वेगळ्या घडणीमुळे तसा आवाज येतो.

बहुतेक बाळांत हा तुकडा बीजपेशी घडतानाच आपोआप गळतो. ग्रहण, पपई किंवा आईची धावपळ यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. साधारण दहातल्या एखाद्या घरी मात्र आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल असते. म्हणून पुढच्या बाळाआधी दोघांचीही तपासणी हवी, एकट्या सुनेची नव्हे.

अहवालाच्या दिवशी आजी पुटपुटल्या, "हिनंच ग्रहणात विळी धरली होती." आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाळाला व्यायामोपचार, वाचोपचार लवकर मिळाले तर फरक पडतो. पण आधी आईला उठून बसता आले पाहिजे. अशी पत्रे तिला पुन्हा भिंतीकडे वळवतात.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा