बोटाचा ठसा आणि डीएनएचं कुलूप: ईव्हीएमवरचा वाद यामुळे मिटेल का?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बारामतीत अजित पवार यांनी युगेंद्र पवार यांचा १ लाख ८९९ मतांनी पराभव केला. निकालानंतर युगेंद्र यांनी १९ ईव्हीएमची तपासणी व्हावी म्हणून पैसे भरून अर्ज केला आणि नंतर तो मागे घेतला.

त्याच सुमारास नीरा नदीपलीकडच्या माळशिरस तालुक्यात मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं. गावात भाजपच्या राम सातपुतेंना उत्तम जानकरांपेक्षा जास्त मतं कशी पडली, असा त्यांचा प्रश्न होता. जानकर मतदारसंघात जिंकले होते, तरीही. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि हे मतदान झालं नाही.

असे वाद झाले की एक उपाय हमखास सुचवला जातो: मतदाराची ओळख बोटाच्या किंवा चेहऱ्याच्या ठशावरून पटवा आणि मत डीएनए क्रिप्टोग्राफीने कुलूपबंद करा. म्हणजे नेमकं काय? आणि त्याने कोणता प्रश्न सुटतो?

डीएनए क्रिप्टोग्राफी म्हणजे काय?

नाव ऐकून वाटतं की मतदाराच्या रक्ताचा किंवा लाळेचा नमुना घेणार. तसं काहीही नाही.

कॉम्प्युटरमधली माहिती ० आणि १ मध्ये साठवलेली असते. डीएनएची भाषा चार अक्षरांची आहे: ए, सी, जी, टी. मग ०० साठी ए, ०१ साठी सी, १० साठी जी आणि ११ साठी टी असं ठरवलं, की कुठलाही मजकूर या चार अक्षरांत लिहिता येतो. त्यावर आणखी उलटापालट करून तो गुप्त करायचा, ही मूळ कल्पना.

प्रयोगशाळेत खऱ्या डीएनएवरही हे झालंय. १९९९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी डीएनएच्या धाग्यात गुप्त संदेश लपवून तो कागदावरच्या एका टिंबात बसवला होता. मतदानासाठी मात्र जे प्रस्ताव मांडले जातात, त्यात डीएनए असतो तो फक्त कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये. म्हणजे हे कुलूप लावण्याचं आणखी एक गणित आहे. बँकांचे व्यवहार ज्या पद्धतींनी सुरक्षित राहतात, त्या जगभर वर्षानुवर्षं तपासल्या गेल्या आहेत. या नव्या पद्धतींची तेवढी परीक्षा अजून झालेली नाही.

ठशाने काय साधतं?

बोगस मतदान आणि दुबार नावं ही खरी अडचण आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाला दुबार नावांपुढे दोन तारे छापावे लागले. ठसा घेतला तर एकाच माणसाला दोनदा मत देणं अवघड होईल, हे खरं.

पण ठसा प्रत्येकाचा नीट लागतोच असं नाही. बारामती एमआयडीसीत भट्टीवर किंवा मशीनवर राबणारे, इंदापूरच्या शिवारात ऊस तोडणारे, बांधकामावर सिमेंट कालवणारे, अशांच्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानात ‘अंगठा घेत नाही’ हे वाक्य त्यांच्या ओळखीचं आहे. तिथे दुसऱ्या दिवशी परत जाता येतं. मतदान एकाच दिवशी असतं.

हे इतर देशांत घडलंय. घानामध्ये २०१२ साली ठसे तपासणारी मशीन बंद पडल्याने काही केंद्रांवर दुसऱ्या दिवशीही मतदान घ्यावं लागलं. नायजेरियात २०१५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांचा ठसा मशीनने लवकर ओळखला नाही. तेलंगणात जानेवारी २०२० मध्ये कोमपल्ली इथे १० मतदान केंद्रांवर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा प्रयोग झाला. पण मशीनने ओळखलं नाही तरी मतदाराला परत पाठवायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

भारतात मतदार ओळखपत्राला आधार जोडण्याची मोहीम मार्च २०१५ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर थांबली. २०२१ मध्ये कायदा बदलून ती पुन्हा आली. त्या कायद्यानुसार आधार दिलं नाही म्हणून मतदार यादीतून नाव काढता येत नाही.

मग अडतं कुठे?

मतदानात दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. मत देणारा कोण, हे केंद्रावर कळलं पाहिजे. त्याने कुणाला मत दिलं, हे कुणालाही कळता कामा नये. आज मतदान अधिकारी यादीत नाव बघतो, शाई लावतो आणि मशीन वेगळं असतं. ठसा आणि मत एकाच यंत्रणेत आले, तर ही भिंत टिकवण्याची जबाबदारी पूर्णपणे सॉफ्टवेअरवर येते. गावात, कारखान्यात, सोसायटीत कुणी कुणाला मत दिलं याची चर्चा कशी होते, हे माहीत असलेल्याला यातली भीती समजावून सांगावी लागत नाही.

दुसरं म्हणजे, मारकडवाडीचा प्रश्न ‘मत कुणी दिलं’ हा नव्हता. ‘दिलेलं मत तसंच मोजलं गेलं का’ हा होता. कुलूप कितीही भक्कम असलं, तरी आत बरोबर वस्तू ठेवली होती का, हे कुलूप सांगत नाही.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये तिथली मतदान यंत्रं याच मुद्द्यावर घटनाबाह्य ठरवली. मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला तज्ज्ञांच्या मदतीशिवाय तपासता आले पाहिजेत, असं न्यायालयाने म्हटलं. ए, सी, जी, टीची साखळी किती जण तपासू शकतील?

भारतात सध्याचा उत्तराचा मार्ग कागदाचा आहे. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद दिसते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के मशीनची तपासणी मागण्याची मुभा दिली. युगेंद्र पवारांचा अर्ज याच तरतुदीतला होता. त्यासाठी प्रत्येक मशीनमागे ४७,२०० रुपये भरावे लागत होते.

बोटाचा ठसा मतदार यादी स्वच्छ करायला मदत करू शकतो. नवं कुलूप माहिती लपवू शकतं. पण हरलेल्या उमेदवाराला आणि त्याच्या मतदाराला निकाल पटवायचा असेल, तर त्यांच्या डोळ्यांसमोर मोजता येणारा पुरावा लागतो. तो किती चिठ्ठ्यांचा असावा आणि त्याची किंमत कुणी मोजावी, यावर वाद करायला नवं तंत्रज्ञान येण्याची वाट बघायची गरज नाही.