परतलेल्यांनी राहायचं कुठे?

सुपरहिरोपटांतली एखादी गोष्ट खटकली म्हणावं, तर त्यांच्या चाहत्यांचं उत्तर तयार असतं: सगळंच काल्पनिक आहे, तिथे तर्क कशाला? पण माणूस उडतो कसा, असं कुणीच विचारत नाही. तिकीट काढतानाच प्रेक्षकाने ते मान्य केलेलं असतं. तो उडू लागल्यावर बाकीच्यांच्या आयुष्याचं काय होतं, हे मात्र कथेनेच सांगायला हवं.

‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) खलनायक थानोस चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव नाहीसे होतात. ‘एंडगेम’मध्ये (२०१९) ते पाच वर्षांनी परततात. त्यांना आणताना मधली वर्षं पुसायची नाहीत, ही नायकांपैकी टोनी स्टार्कची अट असते, कारण त्याच वर्षांत त्याला मुलगी झालेली आहे. बापाची अट म्हणून ती पटते. पण ती निभावायची साऱ्या जगाने! कुणाच्या बायकोने दुसरा संसार थाटलेला असणार, कुणाची नोकरी गेलेली, शेतं निम्म्याच तोंडांपुरती पेरलेली.

‘स्पायडरमॅन : फार फ्रॉम होम’ (२०१९) यावर हसून मोकळा होतो. नायकाची मे काकू आपल्याच घरात प्रकटते, तर तिथे दुसरंच कुटुंब राहत असतं. हा किस्सा ती बेघर झालेल्यांसाठी निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमात सांगते. त्या बेघरांकडे मात्र चित्रपट पुन्हा वळून पाहत नाही.

‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ (२०२१) या मालिकेने विस्थापितांचा प्रश्न धीटपणे हाती घेतला. पण त्यांच्यासाठी लढणाऱ्या कार्ली मॉर्गनथाऊची बाजू पटू लागते न लागते, तोच तिच्या हातून माणसं आत असलेली इमारत उडवली जाते. प्रश्न विचारणारीच खुनी ठरली, की नायकाची उत्तरातून सुटका होते. ही पळवाट आहे.

एवढं सगळं दाखवायला वेळ कुठून आणायचा, हा बचावही टिकत नाही. ‘वाँडाव्हिजन’च्या (२०२१) चौथ्या भागाला काही मिनिटं पुरतात: मोनिका रॅम्बो इस्पितळातल्या खुर्चीत पुन्हा प्रकटते, आईला शोधत धावते आणि आई तीन वर्षांपूर्वीच गेल्याचं तिला कळतं.

आणि ब्रॅड बर्डचा ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) तर परिणामांवरच उभा आहे. आत्महत्येपासून वाचवलेला माणूसच नायकावर दावा ठोकतो, पाठोपाठ इतर जखमीही कोर्टात जातात, सरकार भरपाई देऊन थकतं आणि सुपरहिरोंना बंदी होते. अफाट ताकदीचा हा नायक, बॉब पार, विमा कंपनीच्या इवल्याशा कप्प्यात अंग चोरून बसतो. घरच्यांपासून लपवून तो जी जोखमीची कामं पत्करतो, ती याच घुसमटीपायी.