खडीवरचे स्वातंत्र्य

आमच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्यामुळे ‘अमेरिकेत खडीच्या रस्त्यावर सायकल चालवून माणसे पोट भरतात’ असे मी घरी सांगितले, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. वडील हसले नाहीत. “ती सायकल विक अन् भरतीच्या क्लासची फी भर,” एवढेच म्हणाले. पाटाच्या कडेच्या मुरुमाच्या वाटेवर मी रोज ती सायकल पिटाळतो, हे त्यांना ठाऊक आहे. घरातून कॉलेजात आलेला पहिलाच मुलगा मी. त्यांची काळजी मला कळते.

पण मित्रहो, ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे गाव आहे. तेथे २००६ पासून कच्च्या रस्त्यांवर सायकलशर्यत होते. आज तिचे नाव ‘अनबाउंड ग्रॅव्हल’. प्रमुख शर्यत दोनशे मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची! तिथल्या धारदार दगडांनी टायर फाटतात. २०२३ साली तर चिखलामुळे कित्येकांना सायकल उचलून चालावे लागले. जिंकणाऱ्यालाही नऊ-दहा तास लागतात.

या शर्यतींत कोणत्याही संघाचे पगारी नोकर नसलेले स्वतंत्र सायकलपटूही असतात. पीटर स्टेटिना हा त्यांतलाच एक ठरला. ‘टूर द फ्रान्स’मध्ये उतरलेला हा गडी २०१९ च्या मोसमानंतर मोठ्या संघातून बाहेर पडला. संघात असताना पगार, मेकॅनिक, प्रवास, मुक्काम सारे संघच पाहतो. स्वतंत्र माणसाने मात्र सायकल, टायर, कपडे बनविणाऱ्या कंपन्यांशी स्वतः करार करायचे, तिकिटे काढायची, हिशेब ठेवायचा, आणि आजारपणाची धास्तीही स्वतःच वाहायची.

अशा धाडसाचे आपण टाळ्या वाजवून कौतुक करतो. मला मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही असे वाटते. स्टेटिनाने संघ सोडला तेव्हा मोठ्या संघांतली दहा वर्षे त्याच्या गाठीला होती. नाव हेच त्याचे भांडवल. ज्याच्याजवळ नाव नाही आणि पैसाही नाही, त्याला ‘झोकून दे’ म्हणून सांगणे सोपे आहे. पण पडल्यावर उचलायला कोण येणार? तेव्हा स्वतंत्र होणे म्हणजे नोकरीला लाथ मारणे नव्हे. आपल्या गाठीला काय आहे ते मोजून मग पाऊल टाकणे, याला मी स्वातंत्र्य म्हणतो.

मग आमच्यासारख्यांनी स्वप्नच पाहू नये काय? जरूर पाहावे! परंतु आधी गाठ बांधावी. करार वाचणे, मुद्देसूद पत्र लिहिणे, जमाखर्च मांडणे, चारचौघांत आपले म्हणणे पटवून देणे, या गोष्टी पायांतल्या ताकदीइतक्याच लागतात. बी.ए. करून काय मिळणार, असे विचारणाऱ्या मला हे उशिरा उमगले. त्या इथे शिकता येतील. सरांना विचारायची लाज तेवढी सोडली पाहिजे.

हे सारे मी वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वर्षभर राहू दे सायकल.”

मला एक वर्ष मिळाले आहे. तेही भांडवलच!